उरेब कापलेले हात

उस्तिना पिलिपिव्नाला लुब्नी गावात लोक दोन गोष्टींसाठी ओळखत, कात्रीसाठी आणि जिभेसाठी. दोन्हींना ती गंज चढू देत नसे. गावच्या शिवणकारखान्यात तिने एकतीस वर्षं कापड बेतलं. हिवाळी कोट, शाळेचे गणवेश, रेल्वेवाल्यांची जाकिटं. लांबलचक टेबलावर थान उलगडायचं, त्यावर कागदाचे साचे मांडायचे, बाही इथे, कॉलर तिथे, खिसा उरलेल्या कोपऱ्यात, आणि शेवटी टेबलाखाली कातरण किती पडलं ते बघायचं. उस्तिनाच्या कातरणातून बाहुलीचं झबलंसुद्धा निघणार नाही, असं कारखान्यात म्हणत. बहुतेक वेळा ती स्वतःच म्हणत असे, पण खोटं नव्हतं.

पुढे कारखाना बंद पडला, नवरा छातीच्या दुखण्याने गेला, मुलगी पोलंडला जाऊन तिकडचीच झाली. उस्तिना घरी बसून शेजाऱ्यांच्या पँटी आखूड करू लागली आणि दिवसेंदिवस जास्त चिडू लागली. लढाईच्या दुसऱ्या वर्षी त्याच कारखान्याच्या कापणी दालनात ल्युबोमिर नावाच्या माणसाने ड्रोनचे सांगाडे बनवायला घेतले. त्याला बॅटरी बांधायचे पट्टे शिवायला माणूस हवं होतं. उस्तिना गेली ती पट्टे शिवायला. आठवडाभर तिने पट्टे शिवले, पण नजर दुसऱ्याच टेबलावर होती.

ल्युबोमिर चाळिशीचा, एका पायाने लंगडा, चार शब्दांत काम भागवणारा. लढाईआधी तो शर्यतीच्या ड्रोनचे सांगाडे हौसेने बनवायचा. डोळ्यांवर चष्मा चढवून, ड्रोनच्या नाकावरच्या कॅमेऱ्यातून बघत उडवतात ते हे एफपीव्ही ड्रोन. सांगाड्याला मधे दोन पाट्या आणि बाहेर चार हात, प्रत्येक हाताच्या टोकाला एक मोटर. सगळं कार्बन फायबरच्या शीटमधून कापायचं, आणि तेही शीट पाण्यात बुडवून, कारण ती काळी भुकटी छातीत गेली तर माणूस खोकून मरतो आणि तारांवर बसली तर ड्रोन मरतो. कापलेला तुकडा धुवायचा, कडा घासायच्या, कडेवरून पातळ गोंद फिरवायचा म्हणजे थर सुटत नाहीत.

थर हा शब्द ऐकून उस्तिनाचे कान टवकारले. तिने एक तुकडा उचलून उजेडात धरला आणि तिला कळलं की हे कापडच आहे. काळ्या धाग्याचं विणलेलं कापड, थरावर थर ठेवून राळेत भिजवून दाबलेलं. आणि ल्युबोमिर त्या कापडाच्या एका शीटमधून चार सांगाडे काढून उरलेलं खुशाल फेकून देत होता.

"एवढं कातरण?" ती म्हणाली. "सरकारचे जावई आहोत का आपण?"

दोन दिवस तिने कागदी साचे शीटवर सरकवले. तिसऱ्या दिवशी पाच सांगाडे बसवून दाखवले. चार सरळ, आणि पाचव्याचे हात मधल्या फटींमध्ये तिरके, म्हणजे विणीच्या धाग्यांना उरेब, सारलेले.

"पिलिपिव्ना, हे हात उरेब पडतायत," ल्युबोमिर म्हणाला.

"उरेब काय असतं ते मला सांगू नकोस. मी उरेब पट्ट्या कापत होते तेव्हा तू दुपट्यात होतास. मोडतील की टिकतील, एवढं बोल."

त्याने तिला समजावलं. या शीटमध्ये काही थर सरळ घातलेत आणि काही मुद्दाम तिरके. त्यामुळे कसंही कापा, काही धागे हाताच्या लांबीने धावतातच. तरी त्याने परीक्षा घेतली. उरेब कापलेला हात शिकंज्यात आवळला, टोकाला बादली टांगली आणि पाणी ओतलं. दहा लिटरपर्यंत हात हलला नाही. त्या दिवसापासून एका शीटमधून पाच सांगाडे निघू लागले, गावच्या वर्तमानपत्रात उस्तिनाचा फोटो आला, आणि ती पट्ट्यांच्या मशीनवरून उठून कापणीच्या टेबलावर बसली ती कायमची.

धुतलेले हात ढिगात एकत्र यायचे. ते निवडून, चारचार करून डब्यात भरायचं काम सेमेनिव्नाचं. सेमेनिव्नाने त्याच कारखान्यात जन्मभर बाह्या जोडल्या होत्या. चौकटीच्या कापडाचा कोट असला की डाव्या बाहीची रेघ उजवीशी जुळलीच पाहिजे, नाहीतर मुकादम उसवायला लावायचा. ती सवय तिच्या बोटांतून गेली नव्हती. वरच्या थराची वीण जीनच्या कापडासारखी तिरप्या रेघांची होती, म्हणून सरळ कापलेल्या हातांवर त्या रेघा तिरक्या दिसत. उरेब कापलेल्यांवर त्याच रेघा हाताच्या लांबीने सरळ धावत, केस विंचरून भांग पाडल्यासारख्या. सेमेनिव्ना तिरक्यांशी तिरके लावी आणि सरळांशी सरळ. कोणी सांगितलं नव्हतं, पण विजोड माल डब्यात भरणं तिच्या जिवावर यायचं.

सप्टेंबरात जुन्या शीट संपल्या. दुसऱ्या एका पुरवठादाराकडून नव्या आल्या. तोच काळा रंग, तीच चकाकी, वरून तीच वीण. सोबत एक कागद होता, परदेशी अक्षरांतला. ल्युबोमिर तेव्हा मशीनच्या पंपाशी झगडत होता. त्याने ओल्या हाताने सही केली आणि कागद खिळ्याला अडकवला. उस्तिनाने साचे मांडले, पहिल्या सहा शीट कापल्या, तीस सांगाडे भरले. रविवारी पेट्या द्नीप्रो नदीकाठच्या एका तुकडीकडे रवाना झाल्या.

आता त्या मंगळवारची गोष्ट.

सकाळचे दहा वाजून गेले होते. सेमेनिव्नाच्या दिराने सफरचंदांचं खोकं पाठवलं होतं, आणि ते त्याने असं ठोकलं होतं की आत सोनं असावं. दालनात पहार कोणी शोधत नसे. कापताना बिघडलेले हात कोपऱ्यातल्या डब्यात पडलेले असत. खिळे उपसायला, दार अडवायला, एकदा तर गाडीचं चाक सोडवायला तेच वापरत. उस्तिनाने एक उचलला, झाकणाच्या फटीत घुसवला आणि अंगाचा भार टाकला.

हात वाकला. मग कडकड असा बारीक आवाज आला आणि तो मधोमध दुमडून लोंबकळला.

"सडकी लाकडं घालतात वाटतं हल्ली," सेमेनिव्ना हसत म्हणाली.

उस्तिना हसली नाही. तिने डब्यातून दुसरा हात काढला, तोच भार टाकला आणि झाकण खिळ्यांसकट वर आलं. तिने दोन्ही हात खिडकीशी नेऊन शेजारी धरले. मोडलेल्यावर रेघा सरळ होत्या. न मोडलेल्यावर तिरक्या.

"ल्युबोमिर, मशीन बंद कर."

"तुकडा अर्धा राहिलाय."

"बंद कर म्हणते ना."

ल्युबोमिरने मोडलेल्या हाताची कड भिंगाखाली धरली. एकेक थर मोजत गेला. मग खिळ्यावरचा कागद काढून वाचला.

"तिरका थर एकही नाहीये," तो म्हणाला. "सगळे सरळ घातलेत. यातून हात सरळ कापला तर उत्तम. उरेब कापला तर लांबीने धावणारा धागाच नाही. नुसती राळ." त्याने कागद टेबलावर ठेवला. "इथे स्पष्ट लिहिलंय. खाली माझी सही आहे."

"मांडणी माझी आहे."

"मी वाचायला हवं होतं."

"आणि मी उलटून बघायला हवं होतं. एकतीस वर्षं अस्तर बघितल्याशिवाय एक थान घेतलं नाही मी. किती गेलेत?"

हिशेब सोपा होता. सहा शीट, प्रत्येकीत एक पाचवा सांगाडा. तिसांपैकी सहा वाईट. आणि सेमेनिव्नाच्या कृपेने चोवीस वाईट हात इतर सांगाड्यांत एकेक करून विखुरले नव्हते. ते सहा डब्यांत नीट, जुळवून, चारच्या चार भरलेले होते.

ल्युबोमिर म्हणाला, "आधी बादली लावून बघू. खात्री करून मगच कळवू. उगाच तिकडे घबराट नको."

बोलणं शहाणपणाचं होतं, आणि उस्तिनाला ते फार आवडलं. म्हणूनच तिला स्वतःची शरम वाटली. क्षणभर तिच्या मनात आलंच होतं की पंधरा मिनिटं जाऊ दे, काय सांगावं, एखादाच हात खराब असेल. पाचवा सांगाडा हे तिचं लेकरू होतं. त्याच्यासाठी लोक तिला रस्त्यात थांबवून बोलायचे, ज्या बायका पूर्वी तिला बघून पलीकडच्या बाजूला जायच्या त्यासुद्धा.

"फोन आधी," ती म्हणाली. "बादली नंतर."

पेट्या नेणाऱ्या ड्रायव्हरचा फोन बंद होता. तुकडीचा प्रमुख हारितोन, मूळचा मधमाश्या पाळणारा. त्याचा नंबर ल्युबोमिरकडे होता. पहिल्यांदा वाजून थांबला, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा उचलला. उस्तिनाने नाव सांगितलं. पलीकडचा आवाज दबका होता.

"मावशी, आत्ता नाही. आत्ता ड्रोन हवेत आहे."

"कोणती फ्रेम आहे?"

"तुमचीच की. रविवारची. संध्याकाळी बोलू, मधाची बाटली पाठवतो तुला..."

"हारितोन, फोन ठेवलास तर याद राख. तिच्या हातांवरच्या रेघा कशा आहेत, सरळ का तिरक्या?"

"हे काय विचारणं झालं? सरळ आहेत. एकदम देखण्या. महत्त्वाचं काम म्हणून आम्ही पेटीतून मुद्दाम चांगल्या निवडून काढल्या."

उस्तिनाने टेबलाची कड धरली. ल्युबोमिरने फोनचा आवाज मोठा केला आणि मधे ठेवला.

"ड्रोनवर काय बांधलंय?" तिने विचारलं.

हारितोनने सांगितलं. नदीपलीकडे एका घराच्या तळघरात त्यांचा एक जखमी पडला होता. मांडीतून खूप रक्त गेलेलं. सोबत एक डॉक्टरणी होती, हात रिकामे. होडी जात नव्हती, रात्री दोन बुडाल्या होत्या. ड्रोनला गार पिशवीत दोन बाटल्या रक्त बांधून धाडलं होतं. करकोचा उडवत होता. करकोचा म्हणजे त्यांचा सगळ्यात जुना पायलट, खरं नाव तिकडे कोणी घेत नसे.

"आता ऐक," उस्तिना म्हणाली, "आणि शिव्या नंतर दे. ते हात कच्चे आहेत. मी चुकीचे कापलेत. जोर दिला तर दुमडतील."

पलीकडून वाऱ्याची सळसळ आणि कोणीतरी शांतपणे आकडे सांगत असल्यासारखा आवाज.

"परत फिरवू?" हारितोनने विचारलं.

"फिरवलास तर तेच रक्त दुसऱ्या ड्रोनवर लगेच धाडता येईल?"

"दुसरा जुळवून तयार नाही. संध्याकाळ होईल. डॉक्टरणी म्हणते तो दुपार काढत नाही."

"मग थांब. दोन मिनिटं दे मला. तोवर त्याला सांग, झटका नको, गिरकी नको, सरळ रेषेत जाऊ दे."

ल्युबोमिर आधीच कामाला लागला होता. डब्यातला नव्या शीटचा, बिघडलेला पण न मोडलेला एक उरेब हात त्याने शिकंज्यात आवळला, अगदी सांगाड्यात बसतो तसा, आणि टोकाला बादली अडकवली. सेमेनिव्नाने लिटरचं माप घेतलं. घाईत पाणी जमिनीवर सांडत होतं.

"सांडू नकोस," उस्तिना म्हणाली. "सांडलेलं मोजता येत नाही."

"एक," सेमेनिव्ना म्हणाली. "दोन."

दोनला काही झालं नाही. तीनला हाताचं टोक बोटभर खाली आलं. चार ओतताना कडकड सुरू झाली, चाळणीतून रवा पडावा तशी बारीक. पाचवं माप अर्धं ओतलं आणि हात स्क्रूच्या भोकापाशी फाटला. बादली जमिनीवर आदळली, पाणी सगळ्यांच्या पायांवर आलं, आणि कोणीही मागे सरलं नाही.

"एकेक मोटर पूर्ण जोराने चार किलो ओढते," ल्युबोमिर फोनवर वाकून म्हणाला. "भोकापाशी तीनच्या पुढे भरवसा नाही. आत्ता नुसतं तरंगायला दीड लागत असेल. अर्ध्या जोराच्या वर जाऊ देऊ नका. आणि हळूहळू वाढवा."

हारितोनने ते पुढे सांगितल्याचं ऐकू आलं. करकोच्याने काहीतरी विचारलं, हारितोन परत फोनवर आला.

"पुढे पॉप्लरच्या उंच झाडांची रांग आहे. ती ओलांडायला आम्ही नेहमी एकदम वर उचलतो, जोरात, म्हणजे पलीकडचे बघेबघेपर्यंत खाली उतरलेलो असतो. हळू चढलो तर मिनिटभर उघड्यावर. पलीकडचे त्या मिनिटासाठीच बंदुका लावून बसलेत."

"रांगेला फट नाही?" उस्तिनाने विचारलं.

"आहे. खालच्या अंगाला, एक झाड पडलंय तिथे. पण लांबचा फेरा पडतो, वारा आडवा येतो. बॅटरी पोचण्यापुरती राहील, परतायला नाही."

"परतीचं सोड. पोचल्यावर तो ड्रोन परत उडवायचाच नाहीये."

"मावशी, तू सांग. हात तुझे आहेत."

तिने ल्युबोमिरकडे पाहिलं. ल्युबोमिरने तिच्याकडे पाहिलं. त्याला आकडे माहीत होते आणि आकड्यांनी जेवढं सांगायचं ते सांगून झालं होतं. आडव्या वाऱ्यात उरेब हात किती पिळवटेल हे कोणत्याही बादलीने कळणार नव्हतं. उस्तिनाला कापड माहीत होतं. उरेब तुकडा ओढला की लांबतो, सोडला की बराचसा परत येतो, आणि हिसका दिला की फाटतो.

"फटीतून ने," ती म्हणाली. "वाऱ्याने ढकललं तर त्याच्याशी भांडू नको म्हणावं. थोडं वाहून जाऊ दे, मग परत आण. कापड सांभाळतात तसं."

"कापड सांभाळतात तसं," हारितोनने मागे वळून सांगितलं. करकोचा काय म्हणाला ते कळलं नाही. बहुधा सांगण्यासारखं नसावं.

बाहेर भोंगा वाजू लागला, हवाई हल्ल्याचा. एरवी त्या वेळी सेमेनिव्ना पहिली तळघराच्या पायऱ्या धरायची, पण आज ती ओल्या जमिनीवर तशीच उभी राहिली. उस्तिनाला वाटत होतं की आपण धावत जाऊन तो ड्रोन खालून झेलावा. तो तीनशेहून जास्त किलोमीटरवर होता. तिला स्वतःचा राग आला होता. फोनमधून हारितोनचा श्वास ऐकू येत होता.

"फटीपाशी आला," तो म्हणाला.

मग: "चित्र हलतंय."

"जोर कमी कर," ल्युबोमिर म्हणाला.

"कमीच आहे. वारा आहे."

"मग वाऱ्यासोबत जाऊ दे," उस्तिना म्हणाली. "जाऊ दे त्याला. धरू नको."

खूप वेळ गेला. घड्याळात बघितलं असतं तर वीस-पंचवीस सेकंद असतील.

"निघाला फटीतून. डावा पुढचा हात वर वाकलाय, कॅमेऱ्यात दिसतोय. पण आहे अजून. घर दिसलं. अंगण. मावशी, तो उतरवतोय. हळू, हळू... टेकला. आपटला जरा. डॉक्टरणी बाहेर आली. पिशवी सोडतेय." आणि थोड्या वेळाने: "आत गेली. दोन्ही बाटल्या शाबूत आहेत म्हणते."

सेमेनिव्ना मटकन खोक्यावर बसली आणि पदराआड तोंड लपवावं तसं तिने डोक्याचा रुमाल तोंडावर ओढला. ल्युबोमिरने शिकंजा सैल करून फाटलेला हात काढून घेतला. उस्तिनाचं काम संपलं नव्हतं.

"आता पेटीतले बाकीचे सरळ रेघांचे काढ," ती म्हणाली. "पाच असतील. एकेक पायाखाली घालून मोड. कोणाला देऊ नकोस, सुट्या भागांसाठीसुद्धा ठेवू नकोस. तिरक्या रेघांचे सगळे चांगले आहेत, ते बिनधास्त उडवा."

"पाच नाहीत. चार आहेत."

"सहा गेलेत. एक आत्ताचा. राहिले पाच."

"ल्युबोमिर," हारितोन म्हणाला, "असा हात असला की उडवणाऱ्याला काय दिसतं? मोडायच्या आधी?"

"चित्र थरथरतं. जोर दिला की जास्त. मग एकदम एका बाजूला कलंडतो."

"चष्म्यात दिसतं ते? उडवणाऱ्यालाच फक्त?"

"हो."

"काल एक पडला," हारितोन म्हणाला. "सोलोमिया उडवत होती. नवीन आहे, पण हात चांगला. पॉप्लरवरून उचलला आणि नदीत गेला. ती म्हणाली चित्र थरथरत होतं. मी म्हटलं चित्र नाही, तुझे हात थरथरत होते. सगळ्यांसमोर म्हटलं. त्यातही रक्त होतं, मावशी. काल तळघरात दोघं जखमी होते."

उस्तिनाला आधी ते कळलंच नाही. मग कळलं. सेमेनिव्नाने रुमाल खाली घेतला होता आणि ती उस्तिनाकडे बघत होती, आणि ल्युबोमिर हातातल्या तुकड्याकडे.

"दुसऱ्याचं नाव काय होतं?" उस्तिनाने विचारलं.

"आंतिप. आंतिप दोरोश. चेर्कासीकडचा."

"दोरोश," तिने म्हटलं. पाठ करून ठेवावं तसं म्हटलं.

"पिलिपिव्ना, सही माझी आहे," ल्युबोमिर म्हणाला. "फोन मला द्या."

"तुझं तू नंतर बोल. माझं मला बोलू दे." ती फोनकडे वळली. "मुलगी कुठेय?"

"स्वयंपाकघरात. मी तिला उडवण्यातून काढलंय. कालपासून बटाटे सोलतेय, कोणाशी बोलत नाही."

"दे तिला फोन."

"मी सांगतो ना तिला. माझंच..."

"तुझं तू तिची माफी मागताना सांग, आणि तीही सगळ्यांसमोर. आत्ता दे."

पावलं वाजली. दार वाजलं. भांड्यांचा आवाज, आणि हारितोन कोणाला तरी हळू काही सांगतोय, आणि मग तरुण मुलीचा कोरडा आवाज.

"हो. कोण?"

उस्तिनाला एरवी शब्द शोधावा लागत नसे. आता शोधावा लागला. सांगायचं ते एका वाक्याचं होतं आणि ते सांगितल्यावर आंतिप दोरोश त्या मुलीच्या खात्यातून निघून तिच्या स्वतःच्या गळ्यात पडणार होता, जन्मभरासाठी. तिला भीती वाटली. एकसष्टाव्या वर्षी, शाळेत छडीसाठी हात पुढे करताना वाटायची तशी साधी भीती.

"मी उस्तिना. लुब्नीहून. तुमच्या फ्रेम मी कापते," ती म्हणाली. "काल तुझ्या ड्रोनचा हात मोडला, पोरी. मी तो चुकीचा कापला होता. शीट वाचवायला तिरका घातला, आणि आतली वीण बघितली नाही. तुझी काही चूक नव्हती. तो कोणाच्याही हातात पडला असता."

पलीकडे पाण्याचा नळ चालू होता. तो कोणीतरी बंद केला.

"म्हणजे चित्र खरंच थरथरत होतं?" मुलीने विचारलं.

"खरंच थरथरत होतं."

"मी रात्रभर हात समोर धरून बघत होते. हलतात का ते."

"नाही हलत ते. ते माझं काम होतं, माझ्या टेबलावरचं. तो माणूस माझ्यामुळे गेला, तुझ्यामुळे नाही. हे मी तुझ्या तुकडीला सांगेन, त्याच्या घरच्यांनाही सांगेन. तू फक्त ऐकून घे."

मुलगी रडायला लागली. आधी आवाज न करता, मग मोठ्याने, लहान मुलासारखं. उस्तिना तिला गप्प राहा म्हणाली नाही. ती पाण्यात ओले झालेले पाय तसेच ठेवून स्टुलावर बसली आणि फोन कानाशी धरून राहिली.